एमएम ५४० मध्ये मोठं इंजिन : डीआय, एक्सडी३पी, की आहे तेच बांधावं? (नाशिक)

गिरणारे_५४०

नमस्कार मंडळी. घरची महिंद्रा एमएम ५४० आहे, नव्वदच्या दशकातली, एमएच-१५ पासिंग, फोर बाय फोर चालू स्थितीत. इंजिन मूळचंच, एक्सडीपी, २११२ सीसी. द्राक्षबागेत औषधाचे ड्रम, क्रेट, मजूर, सगळं तिनं ओढलं. आता बागेच्या कामाला पिकअप आहे, त्यामुळे वडिलांनी जीप माझ्या ताब्यात दिली. "हिला विकायचं नाही, बाकी काय करायचं ते कर" एवढीच अट.

दुखणं असं. सावळघाटात चार माणसं बसली की दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. निळसर धूर आहे. चालू इंजिनवर ऑइलची कॅप काढली की भपका येतो, मिस्त्री म्हणतो बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळतोय. थंडीत सकाळी चालू करताना इंजिनला हीटर दोन-तीनदा द्यावा लागतो.

आता सल्ले ऐका. एक मिस्त्री म्हणतो महिंद्राचंच डीआय (डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल इंजिन) टाक, आयुष्यभर बघायला नको. दुसरा म्हणतो क्वालिसचं टाक, मऊ चालतं. मित्र म्हणतो स्कॉर्पिओचं एमहॉक. वडील म्हणतात आहे तेच खोलून नव्यानं बांध. डोकं भंजाळलंय. वापर म्हणजे गिरणारे-नाशिक रोजचं, सुट्टीला पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, आणि कधीतरी मुंबई हायवे. कुणी केलंय का हे काम?

डिझेलभक्त

एमहॉक टाक, विषय संपव. १२० घोडे, २९० न्यूटन मीटर. सावळघाट चौथ्यात चढशील भो.

घाटमाथा

चढेल, पण चढायच्या आधी सहा महिने गॅरेजात उभी राहील.

गिरणारे, एमहॉक २१७९ सीसीचं आहे, म्हणजे तुझ्या आत्ताच्या इंजिनपेक्षा सीसीने जेमतेम मोठं. ताकद येते ती कॉमन रेल (जादा दाबानं डिझेल देणारी यंत्रणा), टर्बो आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, यांमुळे. म्हणजे नुसतं इंजिन आणून भागत नाही. ईसीएम, पूर्ण वायरिंग हार्नेस, इलेक्ट्रॉनिक अॅक्सिलरेटर पेडल, इमोबिलायझरची चावी, सगळे सेन्सर, इंटरकूलर, हे सगळं एकाच गाडीचं लागतं. एक सेन्सर दुसऱ्या मॉडेलचा निघाला की इंजिन लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद तोडून नुसतं रांगतं, आणि मग तू स्कॅनर घेऊन बसलेला मिस्त्री शोधत फिरणार. शिवाय पाण्यात घालायची गाडी असेल तर ईसीएम आणि जोड कुठे ठेवायचे तेही बघावं लागतं. ५४० चं सौंदर्य हे आहे की सुरगाण्याच्या पुढे बंद पडली तरी ट्रॅक्टरचा मेकॅनिक तिला चालू करतो. ते घालवू नकोस.

स्कॉर्पिओचंच हवं असेल तर सुरुवातीचं २.६ बघ. २००२ ला गाडी आली तेव्हाचं, कॉमन रेल यायच्या आधीचं, २६०९ सीसी, १०९ अश्वशक्ती. पण चांगल्या हालतीतलं मिळणं अवघड, आणि १०९ अश्वशक्ती तुझ्या जुन्या डब्याला (गिअरबॉक्सला) नि एक्सलला झेपणार का, हा प्रश्न उरतोच.

सातपूरकर

कामगार म्हणून उभं आयुष्य सातपूर एमआयडीसीत मशिनवर गेलं, त्यामुळे माझा सूर थोडा मापात बोलण्याचा असतो, सांभाळून घ्या.

गिरणारे, आधी आकडे शेजारी ठेव. तुझं एक्सडीपी हे मूळचं प्यूजोचं इंजिन. बोअर ९० मिमी, स्ट्रोक ८३. ताकद ६२ अश्वशक्ती, पण ती ४५०० आरपीएमला. टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, १२.३ किलोग्रॅम मीटर, २००० ला. म्हणजे हे फिरवून काम घ्यायचं इंजिन आहे.

डीआय उलट स्वभावाचं. बोअर ८८.९, स्ट्रोक १०१.६, म्हणजे साडेतीन इंच आणि चार इंच. २५२३ सीसी. लांब स्ट्रोक, ट्रॅक्टरच्या घराण्याचं. थार डीआयमध्ये जे टर्बोवालं आलं त्याची ताकद ६३ अश्वशक्ती, ३२०० आरपीएमला. नीट बघ, ६२ आणि ६३. कागदावर एकाच अश्वशक्तीचा फरक! पण टॉर्क १८२.५ न्यूटन मीटर, म्हणजे साधारण १८.६ किलोग्रॅम मीटर, तोही १५०० ते १८०० मध्येच. तुझ्या इंजिनच्या दीडपट. लोक "डीआयला ताकद आहे" म्हणतात ती ही.

तिसरं एक्सडी३पी. हे तुझ्या एक्सडीपीचंच मोठं भावंड, बोअर ९४, स्ट्रोक ९०, २४९८ सीसी, ७२ च्या आसपास अश्वशक्ती. आर्माडा ग्रँड आणि सुरुवातीच्या बोलेरोत होतं. क्वालिसचं टूएल २४४६ सीसी, बोअर-स्ट्रोक दोन्ही ९२, ताकद ७५.

पण यातलं कुठलं घ्यायचं हे ठरवायच्या आधी मला एकच गोष्ट सांग. तुझ्या गाडीचा क्राऊन-पिनियन, म्हणजे एक्सलच्या डिफरन्शियलमधली दातेरी जोडी, कितीचा आहे?

गिरणारे_५४०

काका, ते कुणी विचारलंच नाही आजवर. कसं बघायचं? हौसिंग उघडावं लागेल का?

सातपूरकर

उघडायची गरज नाही. सपाट जागेवर गाडी न्यूट्रलला घाल, बाकीच्या चाकांना दगड लाव आणि मागचं एकच चाक जॅकवर उचल. एक्सलखाली स्टँड दे, नुसत्या जॅकवर भरवसा नको. उचललेल्या चाकावर खडूची खूण आणि मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर (मागच्या एक्सलला फिरवणारा लांब दांडा) खडूची खूण. आता चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरव आणि शाफ्टचे फेरे मोज. दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असल्यामुळे डिफरन्शियलमधून निम्मेच फेरे क्राऊनला जातात, म्हणून दोन फेरे फिरवायचे. शाफ्ट सव्वापाचपेक्षा थोडा जास्त फिरला तर ५.३८, म्हणजे ४३ ला ८ दाते. पाचला थोडा कमी पडला तर ४.८८, ३९ ला ८. सव्वाचार आला तर ४.२७, ४७ ला ११.

हे कशासाठी ते सांगतो. ६.००-१६ चं टायर धरलं तर एका फेऱ्यात गाडी साधारण २.२ मीटर जाते. चौथा गिअर सरळ, एकास एक. डीआय ३२०० ला संपतं. ५.३८ च्या क्राऊनवर ३२०० ला गाडी ७८ किमीवर येऊन थांबेल. ४.८८ वर ८७. ४.२७ वर ९९.

म्हणजे तुझा क्राऊन ४.८८ असेल आणि तू नुसतं डीआय टाकलंस, तर मुंबई हायवेला ८० वर चालताना इंजिन ३००० च्या आसपास ओरडत असेल. ३२०० च्या इंजिनला ३००० वर तासभर चालवायचं म्हणजे त्याला शिक्षाच. एक्सडीपीला तेच ३००० सहज, कारण त्याची धाव ४५०० पर्यंत आहे. इंजिन बदलल्यावर "गाडी पळत नाही, मिस्त्रीने फसवलं" म्हणणारे मी पुष्कळ बघितले. मिस्त्रीने फसवलेलं नसतं, गणित कुणी केलेलं नसतं.

आता उलटं गणित. क्राऊन ४.८८ चा ४.२७ केलास तर चाकाशी येणारा जोर साडेबारा टक्क्यांनी कमी होतो. पण इंजिनचा टॉर्क पन्नास टक्क्यांनी वाढलाय. दोन्ही मिळून तरी तीस टक्क्यांच्या वर फायदा उरतो. म्हणून डीआय टाकायचं तर क्राऊनसकट टाक, नाहीतर टाकू नकोस. आणि पुढचा-मागचा दोन्ही बदलावे लागतील, एकच बदललास तर फोर बाय फोर लावल्या लावल्या पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतील आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारा डबा) तुटेल.

पिंपळगावचा_विलीजवाला

काकांनी गणित छान सांगितलं. जरा जुनं आठवलं म्हणून लिहितो.

आमच्याकडे निफाड भागात हे इंजिन बदलण्याचं वेड नवीन नाही. पेट्रोलच्या विलीज होत्या, २.२ लिटरचं हरिकेन इंजिन, पेट्रोल पाण्यासारखं पिणारं. डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा फार स्वस्त. मग बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचं इंजिन त्यात बसवायचं. कांद्याच्या हंगामात मार्केट यार्डाबाहेर अशा जीपा रांगेने उभ्या असत, नाक विलीजचं आणि आवाज मॅटाडोरचा. मॅटाडोरचं इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावरचं, त्यामुळे "आमच्या जीपला मर्सिडीजचं इंजिन आहे" म्हणून लग्नात मिरवणारेही होते. खोटं नव्हतं म्हणा ते.

पण त्यातल्या कित्येकांच्या आरसी बुकावर आजही पेट्रोलच लिहिलेलं आहे. आता वारसांना ना विकता येत, ना पुनर्नोंदणी करता येत. गिरणारे, तू तुझ्या मुलासाठी हे ठेवून जाऊ नकोस.

अंजनेरी

मी थोडं वेगळं सांगते. माझ्याकडे मूळ एक्सडीपीचीच ५४० आहे आणि पावसाळ्यात त्र्यंबक, हर्षेवाडी, वैतरणाच्या बाजूला नियमित जाते. ताकद कमी पडली म्हणून अडकले असं सहसा होत नाही. अडकते ती पकड गेल्यामुळे. लो रेंजला ट्रान्स्फर केसच टॉर्क जवळपास अडीचपट करते, त्यामुळे १२ किलोग्रॅम मीटर असो की १८, चिखलात चाक गरागरा फिरवायला दोन्ही पुरतात.

दुसरी गोष्ट वजनाची. डीआय बिडाचं, जाडजूड इंजिन आहे. ते नाकावर बसलं की पुढचे पाटे बसतात, आणि भातखाचराच्या बांधालगतच्या मऊ मातीत पुढची चाकं आधी रुततात. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातला चिखल तुम्हाला माहीत आहे. तिथे हलकं नाक हीच मोठी सोय आहे. ऑफरोडसाठी म्हणून मोठं इंजिन टाकणार असाल तर आधी चांगले टायर घ्या, मागे डिफरन्शियल लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) बसवा आणि एक्सडीपी नीट बांधून घ्या. खर्चही कमी, कागदही सरळ.

घाटात चार माणसं घेऊन भरभर चढायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण मग ती ऑफरोडची गरज नाही, रस्त्याची आहे. तुम्हाला नक्की कुठली हवीय ते ठरवा.

घाटमाथा

अंजनेरीताई, पटलं. फक्त एक, पहिल्या पावसात लाल मातीचा चढ आला की लो रेंजमध्येही एक्सडीपीला वर फिरवत ठेवावं लागतं, नाहीतर मरतं. डीआय आयडलच्या जरा वर ठेवून क्लच सोडला तरी चालत राहतं. चाक कमी घसरतं ते त्यामुळे. वजनाचा मुद्दा मात्र शंभर टक्के.

फाउंडेशन

अंबडला गॅरेज आहे, जीपचंच काम करतो. इंजिन कुठलंही घ्या, बसवताना कुठे घोडं अडतं ते लिहितो, गणित काकांनी केलंच आहे.

पहिलं चेंबर. विलीज घराण्याच्या जीपला पुढच्या एक्सलचा गोळा (डिफरन्शियलचा फुगवटा) उजवीकडे, म्हणजे आपल्या ड्रायव्हरच्या बाजूला असतो. इंजिनचं ऑइल चेंबर पुढून खोल असेल तर खड्ड्यात एक्सल वर आला की गोळा चेंबरला ठोकतो. क्वालिससारख्या फोर बाय फोर नसलेल्या गाडीचं इंजिन आणताना हे आधी बघायचं. चेंबर कापून पुन्हा वेल्ड करता येतं, पण आतली सक्शनची नळीही त्याप्रमाणे हलवावी लागते आणि चढावर तेल मागे गेलं तरी नळी तेलात बुडालेली राहिली पाहिजे. हे न बघता केलेलं काम घाटात बेअरिंग खातं.

दुसरं बेल हौसिंग, म्हणजे इंजिन आणि डबा जोडणारं घंटेसारखं आवरण. तुझा केएमटी ९० डबा ठेवायचा असेल तर ट्रान्स्फर केस जागची हलत नाही, दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट तेच राहतात, लिव्हर तिथेच. हा मोठा फायदा. पण इंजिन आणि डब्याच्या मध्ये अॅडॉप्टर प्लेट लागू शकते. एक्सडी३पी तुझ्याच इंजिनच्या घराण्यातलं, त्यामुळे तिथे काम सगळ्यात कमी; तरी घ्यायच्या आधी बेल हौसिंग उचलून घेऊन जा आणि भोकांवर प्रत्यक्ष धरून बघ. प्लेट बनवायची तर नाशिकसारखं गाव नाही, अंबड-सातपूरला सीएनसीवाले पायलीचे पन्नास. पण प्लेटचं केंद्र क्रँकच्या केंद्राशी जुळलं पाहिजे. पाव मिलिमीटर चुकलं तरी क्लच थरथरतो आणि इनपुट शाफ्टचं बेअरिंग ओरडायला लागतं. डायल लावून मगच डॉवेल मारायचे. शिवाय प्लेट जितकी जाड, तितका इनपुट शाफ्ट पायलट बेअरिंगमधून बाहेर येतो, ते फ्लायव्हीलच्या बाजूने भरून काढावं लागतं.

तिसरं व्हॅक्यूम. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो, म्हणून अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असतो. त्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. जुन्या बाजारातून इंजिन आणताना अल्टरनेटर साधा आला तर ब्रेक दगडासारखा लागेल. ब्रेकचं म्हणशील तर चारही चाकांना ड्रम आहेत. इंजिन वाढवून ब्रेक तेच ठेवणाऱ्या गिऱ्हाईकाचं काम मी घेत नाही, स्पष्ट सांगतो. किमान पुढे डिस्क.

रेडिएटर. मे महिन्यात कसारा घाट, दुसरा गिअर, पुढे कंटेनर. गाडीचा वेग नाही म्हणजे हवा फक्त पंख्याची. पंख्याभोवती शिलाऊड (हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं कडं) नसेल तर पंखा आजूबाजूचीच गरम हवा फिरवत बसतो. मोठं इंजिन लांब असलं तर पंखा रेडिएटरला टेकायला येतो आणि मग लोक शिलाऊड काढून टाकतात. तिथेच गाडी गरम होते.

आणि इंजिन बसतं ते फाउंडेशनवर. चेसिसला नुसता अँगल वेल्ड करून देणाऱ्याकडे जाऊ नकोस. डीआयचा हादरा सोसायला ब्रॅकेट चेसिसच्या आडव्या पट्टीला धरून हवं आणि रबर मूळ इंजिनच्या मापाचं.

डिझेलभक्त

फाउंडेशनभाऊ, मग एक्सडीपीलाच टर्बो लावला तर? सगळे प्रश्न सुटले.

फाउंडेशन

नाही सुटत. एक्सडीपी हे इनडायरेक्ट इंजेक्शनचं, हेडमध्ये डिझेल पेटायला छोटा चेंबर असलेलं इंजिन. म्हणून तर त्याला हीटर लागतो. त्याचं कॉम्प्रेशन आधीच बाविसाच्या घरात. त्यावर टर्बोचा दाब दिला की हेड गॅस्केट आणि पिस्टन जातात. कंपनीने टर्बो दिला तिथे पिस्टन, तेलाचा थंडावा, पंप सगळं त्या हिशोबाने केलेलं असतं.

नियमावर_बोट

कुणीतरी कागदाचं बोला म्हणून वाट बघत होतो. पिंपळगावकरांनी सुरुवात केली आहेच.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जे तपशील आहेत ते निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. आरसीवर इंजिन नंबर असतो, सीसी असते, इंधन असतं. २११२ च्या जागी २५२३ म्हणजे नंबर आणि सीसी दोन्ही बदलले.

त्याच मापाचं, त्याच कंपनीचं इंजिन बदलणं हा वेगळा प्रकार आहे. जुनं ब्लॉक फुटलं, त्याच प्रकारचं दुसरं टाकलं, आरटीओची मंजुरी घेऊन नंबरची नोंद केली, हे होतं. मोठ्या सीसीचं इंजिन ही सरळ नोंद नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी पेठ रोडला आरटीओत लेखी अर्ज, त्यांचं लेखी उत्तर, मग स्पॅनर. उलट क्रमाने गेलात तर तुमच्या हातात फक्त विनवणी उरते.

२०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ नव्यानं लिहिलं गेलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

डिझेलभक्त

कोण बघतंय राव इंजिन नंबर? नाशकात अर्ध्या जीपा अशाच फिरतात.

नियमावर_बोट

रस्त्यावर कुणी बघत नाही, मान्य. तीन वेळा बघतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून पुनर्नोंदणी. गिरणारेची गाडी त्या चक्रात आहेच. तिथे चेसिस आणि इंजिन नंबर पडताळतात. दुसरं, विक्री. तिसरं, आणि सगळ्यात महाग, अपघात. समोरचा माणूस जायबंदी झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने इंजिन नंबर ताडून पाहिला, की कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं. तेव्हा तुमची द्राक्षबाग पणाला लागू शकते. घाटातला एक गिअर वाचवायला एवढी किंमत मोजायची का, तुमचं तुम्ही ठरवा.

आणखी एक. जुनं इंजिन घेताना पक्कं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत घ्या. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये उठवला, पण जुना माल मिळायचा थांबला नाही, विखुरला. घासलेल्या नंबरचं इंजिन स्वस्त असतं ते कशामुळे हे वेगळं सांगायला नको.

घाटमाथा

पीयूसीही. जुन्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराच्या दाटपणाचं माप). थकलेलं डीआय डिझेल पंप वाढवून घेतलं की काळा ढग सोडतं, ते यात बसत नाही.

गिरणारे_५४०

सगळ्यांचे आभार. वडिलांनाही पूर्ण धागा वाचून दाखवला, ते "त्या काकांना एकदा बागेत बोलाव" म्हणाले.

खडूचा प्रयोग केला. शाफ्ट पाचला जरासा कमी पडला, म्हणजे ४.८८. कॉम्प्रेशनही बघून घेतलं. तीन सिलिंडर एकसारखे, चौथा बराच खाली. मिस्त्री म्हणतो रिंग आणि बहुतेक स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी) गेलीय. हेड काढल्याशिवाय पक्कं सांगत नाही.

अंजनेरीताईंचा प्रश्न मनाला लागला. खरं सांगायचं तर मला भरभर चढायचं आहे ते रस्त्यावरच. चिखलात तक्रार नाही.

सातपूरकर

तीन चांगले आणि एक खाली, म्हणजे तुझं इंजिन साडेतीन सिलिंडरचं झालंय. तू सावळघाटात जे अनुभवतोस ते २११२ सीसीचं दुबळेपण नाही, एका सिलिंडरचं आहे. धडधाकट एक्सडीपी कशी चढते ते तू बहुधा विसरलाच आहेस. आधी हेड उतरव. ब्लॉक चांगला निघाला तर स्लीव्ह, पिस्टन, रिंग, क्रँकचं माप, नोझल, पंप कॅलिब्रेशन, हे करून घे आणि मग घाट चढ. त्यानंतरही कमी वाटली तर क्राऊनसकट डीआयची गोष्ट बोलू. ब्लॉकला तडा निघाला तर मात्र आरटीओचं उत्तर हातात घेऊनच पुढचं ठरव.

बागेत येईन. द्राक्षं असतील तेव्हा बोलाव, छाटणीला नको.

फाउंडेशन

काकांशी सहमत नाही. एक्सडीपीचे चांगले सुटे भाग आता शोधावे लागतात, पिस्टन-रिंग चालू दर्जाचे मिळाले तर तेच काम पुन्हा निघेल. डीआयचे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात. एकदाच खर्च करायचा तर मी त्या बाजूने आहे. परवानगी मिळाली तरच, हे नियमवाल्या साहेबांसाठी.

अंजनेरी

भाग मिळतात, शोधायची तयारी हवी. इगतपुरीला महिंद्राचा इंजिन कारखाना आहे, त्या रस्त्यावरच्या जुन्या गॅरेजवाल्यांकडे एक्सडीपी हाताखालून गेलेले मिस्त्री अजून आहेत. गिरणारे, लिस्ट हवी असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

गिरणारे_५४०

निरोप केलाय ताई. हेड या आठवड्यात उतरवतोय. आरटीओतही अर्ज देऊन आलो, खिडकीवरच्या साहेबांनी आधी डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग म्हणाले, "आधी विचारायला आलेले तुम्ही पहिलेच." उत्तर यायचं आहे.

पिंपळगावचा_विलीजवाला

डीआय ठरलं तर एक्सडीपीचं हेड आणि पंप भंगारात देऊ नकोस भो. मला हवंय. भाव सांग.